कायद्यानं माफ

खापरच्या पुढं, घाटाच्या वळणावर गुलाबबाईचा बैल सरकारी गाडीच्या धडकेनं मरून पडला होता, आणि दौऱ्यावरचे अधिकारी पितांबरसाहेब ड्रायव्हर करमसिंगला कायदा समजावत होते.

"कसाले घाबरी ऱ्हायना रे? गाडीमा परदेशी वकिलातनी पाहुणी शे. तिन्हावर केस व्हत नही. दिल्लीना कायदाच शे तसा."

"पण साहेब, गाडी तर मी..."

"तुन्हं नाव लिखतच नही मी. पाहुणीनी गाडी, बस. मिटनं!"

करमसिंगचा जीव भांड्यात पडला. वळणावर तो मोबाइल बघत होता. खरं बाहेर आलं असतं तर कंत्राटी नोकरी गेलीच म्हणून समजा. देवच पावला म्हणायचा, तोही दिल्लीचा!

पण गाव काही दिल्लीत नव्हतं. मोहाच्या झाडाखाली पंच बसले. इथली रीत साधी. चूक ज्याची, त्यानं आपण होऊन उठायचं, "माझी चूक" म्हणायचं. ज्याचं नुकसान झालं तो त्याला पाणी पाजतो, मग पंच भरपाई ठरवतात. कुणी कुणाकडं बोट दाखवत नाही. करमसिंगला हे कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या मामाचंच गाव हे, आणि गुलाबबाई मामी लागायची.

तो खाली मान घालून भिलीत म्हणाला, "मामी, या बाईंवर आपला कायदा चालत नाही. काही करता येत नाही."

"कायदा कोण मागतंय, भाच्या? ऐन पेरणीला जोडी मोडली माझी. चूक कुणाची, तेवढं कळू दे."

पाहुणीनं मोडक्या हिंदीत विचारलं, "क्या बोलती हैं?"

"बोलती हैं, आप जा सकती हैं," करमसिंग म्हणाला, आणि त्याचे कान तापले. इतकं नीच आपण कधी बोललो नव्हतो, असं त्याला वाटलं.

पाहुणी गेली नाही. बैलाकडं बघत राहिली. मग पंचांसमोर येऊन तिनं हात जोडले. "गाड़ी मेरे लिए आई थी. गलती मेरी."

"मॅडम, आपको जरूरत नहीं!" पितांबरसाहेब धावले. तोवर गुलाबबाईनं लोटा आणला होता. पाहुणी ओंजळीनं पाणी प्यायली.

झालं. आता पंचांनी बोलायचं. पण पंच बोलेनात, कुणी जागचं हलेना. सगळे कशाची वाट बघतायत ते करमसिंगला पक्कं ठाऊक होतं. ऊठ लेका, ऊठ, असं तो स्वतःला म्हणत होता. खिशात मोबाइल होता, मुठीत गाडीची चावी. शरमेनं अंग जळत होतं, तरी तो उकिडवाच बसून राहिला.

गुलाबबाईनं लोटा पुन्हा भरला. लहानपणी करमसिंग तिच्या घरात थेट माठात लोटा बुडवायचा. पाणी हवं का, असं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. ती त्याच्यासमोर आली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला आणि दोन्ही हातांनी लोटा धरला.

"तुमच्यावरही कायदा चालत नसेल," ती म्हणाली. "पाणी घ्या, पाहुणे."