तिसऱ्या रविवारची घोषणा

पणजोबा शलमोन, आजोबा याकोब, वडील शांतवन, तिघांनी चर्चच्या ज्या मंडळीत ताठ मानेने उपासना केली, तिथे मार्थाबाई आज मान खाली घालून बसल्या होत्या. नातीच्या विवाहाची, ओळीने तीन रविवार करायची त्यातली तिसरी, शेवटची घोषणा वाचून पाळकांनी विचारले, “कोणाची हरकत?”

एस्तेरबाई उठल्या. मार्थाबाईंनी काठी घट्ट धरली. चाळीस वर्षांपूर्वी याच मंडळीत, अशाच घोषणेला मत्सरापोटी खोटी हरकत घेऊन त्यांनीच एस्तेरचे लग्न मोडले होते.

“हरकत कसली?” एस्तेरबाई म्हणाल्या. “प्रभू पोरीचं घर खडकावर बांधो.”

मार्थाबाईंची भीती उलट दुणावली. आपल्या लबाडीच्या वाळूवर नातीचे घर कसे टिकेल? त्या काठी टेकत उठल्या. “एस्तेर, तुझ्या लग्नाला मी घेतलेली हरकत खोटी होती.”

“ठाऊक होतं, मार्थे. बैस, गुडघे दुखतील.”

भरल्या मंडळीत झालेले जुने देणे भरल्या मंडळीतच पुरते फिटले.