नवसाची घंटा

पितळेची घंटा पदराआडून काढून हौसाबाईनं भैरोबाच्या उंबऱ्यावर ठेवली, तसा गुरव हरखला.

“नवस पावला म्हनायचा! पोरीला ऐकू यायला लागलं?”

“न्हाई. डागदर म्हनले, आता कधीच येनार न्हाई.”

तिच्या पदराला धरून उभी असलेली बहिरी लेक दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होती.

“अगं, मग घंटा कशापायी? देव पावलाच न्हाई, तर फेडायचं काय?”

“त्याचं त्यानं बघावं. मी घंटा बोलले हुते, ती आनली. तोंड लपवायचंच असंल तर त्यानं लपवावं. मी न्हाई लपवनार.”

गुरवानं घंटा साखळीला अडकवली. हौसाबाईनं लेकीला कडेवर घेतलं. पोरीनं टोला हाणला आणि थरथरत्या पितळेला दोन्ही तळवे लावले. ती दचकली, मग खुदकन हसली. पुन्हा टोला, पुन्हा तळवे. हसू काही थांबेना.

हौसाबाईनं हात जोडले नाहीत. लेकीला सावरत तिनं थेट देवाच्या चांदीच्या डोळ्यांत बघितलं.

“हिला कळली बघ घंटा. आता रोज येऊन वाजवनार आमी दोघी. बघू, तू किती दिस बहिरा ऱ्हातोस!”