गॅरेजमधली बरणी

देवयानीनं लाकडी भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं, झाकण काढलं आणि मनगटापर्यंत हात आत घातला. भांड्यात तांदळाचा ओला, खारवलेला कोंडा होता. त्यातून तिनं एक काकडी उपसून काढली.

"एप्रिलमध्ये सकुरा, चेरीचा बहर बघायला निगाताच्या खेड्यात राहिलो ना, तिथल्या आजींनी शिकवलं," ती पाहुण्यांना सांगत होती. "जपानमध्ये सीझन बदलला की भाजी बदलते, गाव बदललं की लोणचं. आजींचा कोंडा तर त्यांच्या सासूपासून चालत आलाय. आपल्याकडे आता कोण करतं यार असलं काही?"

टेबलाच्या टोकाला तिची सासू बसली होती. सुमित्राबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

नीनानं काकडी नाकाशी नेली. "वास जरा स्ट्राँग आहे. पण किती ऑथेंटिक."

"जपानचा आहे म्हणून," सुमित्राबाई म्हणाल्या. "माझा असता तर गॅरेजमध्ये गेला असता."

नीना आणि तिचा नवरा हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. सिद्धेशनं आईकडे बघायचं टाळलं. सुमित्राबाईंच्या कैरीच्या लोणच्याची बरणी उन्हाळ्यापासून गॅरेजमध्ये होती, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी. "ओपन किचन आहे आई, घरभर वास येतो," असं म्हणून देवयानीनंच ती नेऊन ठेवली होती. तेव्हाही ही नीनाच जेवायला यायची होती.

"बरं झालं आठवलं. आई, उद्या आम्ही परत जपानला निघालो की हे तुमच्याकडे," देवयानी म्हणाली. "रोज सकाळी हात घालून खालीवर करायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. जिवंत असतं हे, मरतं."

"या खेपेला काय बघायला चाललात?"

"पानं. लाल होतात ना सगळी. आणि नवा तांदूळ निघतो तिकडे आता."

"पानं तर आपल्या दारातही गळतात. मीच गोळा करते."

"आई, प्लीज," सिद्धेश पुटपुटला.

सुमित्राबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "चमच्यानं हलवलं तर?" त्यांनी सुनेला विचारलं.

"छे, हातच हवा. आजी म्हणाल्या, घरातल्या मोठ्या बाईचा हात लागला की खरी चव येते."

सुमित्राबाईंनी पुढचं ताट बाजूला सारलं.

"एवढं ऐकायला जपानपर्यंत गेलीस?" त्या म्हणाल्या. "मी तर इथंच, जिन्याखालच्या खोलीत झोपते."

कोणी जेवेना. देवयानीच्या बोटांवरचा कोंडा वाळायला लागला होता. सुमित्राबाई उठल्या, भांड्यावर झाकण दाबलं आणि ते उचलून कडेवर घेतलं.

"आई, काय करताय?"

"मोठ्या बाईचा हात लावतेय."

त्यांनी गॅरेजचं दार उघडलं. नोव्हेंबरची थंडी थेट टेबलापर्यंत आली.

"आई, तिथं नको ठेवूस," सिद्धेश अर्धवट उठून म्हणाला. "रात्री किती गार होतं तिथं. मरेल ते."

"माझं मेलं का?" आतून आवाज आला.

त्या परत आल्या तेव्हा कडेवर चिनी मातीची बरणी होती. तोंडाला त्यांच्याच जुन्या पातळाचा तुकडा बांधलेला. टेबलावर लाकडी भांड्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. सुमित्राबाईंनी पदरानं ते पुसलं. हात फिरवून बघितला, पुन्हा पुसलं. मग त्या जागेवर बरणी ठेवली आणि दादरा सोडला. हिंग, मोहरी आणि मुरलेली कैरी सगळ्या ओपन किचनमध्ये पसरली.

देवयानीनं खिडकीकडे पाहिलं, पण ती उघडायला उठली नाही.

"सिद्धू, चमचा आण," सुमित्राबाई म्हणाल्या. "कोरडा."

सिद्धेश बायकोकडे बघत क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं ड्रॉवर ओढला. चमचा कोरडाच होता. तरी त्यानं तो शर्टाला पुसला.