कॅझची धाव

“आत ये, पण आधी शब्द दे,” कॅझच्या बायकोने, वांडाने दार अर्धवटच उघडलं. “कॅझ म्हणेल त्याला हो म्हणायचं. वाद घालायचा नाही.”

ब्रूनोने टोपी काढून मान हलवली. तो आणि कॅझ तरुणपणी एकाच संघातून, चेंडू हातात घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल खेळलेले. मग ऐन भरात कॅझने खेळ सोडला, पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर लागला आणि दोघांचं येणं-जाणं तुटलं. गुडघा गेला म्हणून सोडला, असं वांडा शेजारपाजारी सांगायची. पेनसिल्व्हेनियातलं ते अख्खं गाव सामन्याच्या दिवशी मैदानावर लोटायचं, तेव्हा कॅझ तळघरात बसून जुने बूट शिवत असायचा. घरात त्या विषयाला कुणी हात घालत नसे.

आता म्हातारपणी त्याचं डोकं दगा देऊ लागलं होतं. कधी चष्मा फ्रीजमध्ये सापडे, कधी पोटच्या मुलीचं नाव आठवत नसे. अशाच एका सकाळी त्याने विचारलं, “वांडा, मी खेळायचो ना गं?” तिने बिचकतच त्याला त्याच्या शेवटच्या सामन्यातली ती धाव सांगितली, आणि हा बाबा चक्क हसला! किती वर्षांनी! तेव्हापासून पिरोगी, त्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खाऊन झाल्या की तो रोज तीच गोष्ट मागायचा. ते हसू टिकावं, एवढंच तिला आता हवं होतं. ब्रूनोच्या तोंडून भलतंच काही निघालं तर?

कॅझ खिडकीशी घोंगडी पांघरून बसला होता. “कोण तू? नळ दुरुस्त करायला आलास?”

“अरे, ब्रूनो आहे मी!”

“ब्रूनो काडीपैलवान होता. तू तर पिंप आहेस.” कॅझने त्याला बाजूच्या खुर्चीत बसवलं. “वांडा, सांग ना ती धाव. तुझ्याच तोंडून ऐकायचीय. सांगताना तुझा चेहरा कसा उजळतो!”

वांडा सांगू लागली. “चिखल, त्यात धुकं. सगळे एकमेकांवर पडलेले. चेंडू निसटला. तू तो उचललास, गर्रकन वळलास, काखेत मारलास आणि सुटलास! समोरच्या संघातल्या कुणी तुला हातसुद्धा लावला नाही. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते. आणि तू गोलरेषा ओलांडलीस!”

“आणि हा?” कॅझने ब्रूनोकडे बोट केलं. “हा माझ्या मागून का धावत होता?”

वांडाने एप्रनचं टोक मुठीत आवळलं.

ब्रूनोने वांडाकडे पाहिलं. “तुला मिठी मारायला, लेका! पण तू कसला सापडतोस!”

कॅझ इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

निघताना दारात वांडाने ब्रूनोचा हात दाबला, त्याने टोपीने डोळे पुसले आणि तो गेला. तिचा जीव भांड्यात पडला.

आत येऊन ती कॅझची घोंगडी नीट करू लागली. तो खिडकीतून रस्त्यावरच्या ब्रूनोकडे बघत होता.

“चांगला माणूस आहे,” तो हळूच म्हणाला. “पण खोटं बोलणं तुझ्याइतकं जमत नाही त्याला. मिठी म्हणे! घसा फुटेस्तोवर ओरडत होता बिचारा, ‘कॅझ, मागे फिर, तू आपल्याच गोलरेषेकडे पळतोयस!’”