निर्जळी

वाळूच्या पिंडीवर पत्री वाहून झाल्यावर लेकीने फिटच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली, तशी माझ्या बहिणीने तिचं मनगट धरलं.

“हरतालिकेला पाणीसुद्धा पीत नाहीत आणि तू गोळी घेतेस? एक दिवस नाही घेतली म्हणून काय होतंय?”

“आत्या, ही नवी गोळी मला लागू पडली आहे. डॉक्टर म्हणाले, एकदाही चुकवायची नाही.”

“डॉक्टरांना काय जातंय सांगायला! फिट येणाऱ्या पोरीला नवरा मिळायचा, तर उपास नको?”

गेल्या हरतालिकेला माझ्या बायकोलाही तिने फिटची गोळी घेताना असंच अडवलं होतं. बायकोने ऐकलं आणि आरती चालू असतानाच ती कोसळली. मी कामावरून पोचलो तेव्हा बहीण तिच्या नाकाशी चप्पल धरून बसली होती. रिक्षा बोलवायचं कोणाला सुचलं नव्हतं. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला हीच सांगत होती, सवाष्ण गेली, नशीबवान.

“अक्का,” मी विचारलं, “बायका हा उपास कशासाठी करतात?”

“नवऱ्याला आयुष्य लाभावं म्हणून.”

“मग लाभलं की. बघ, मी कसा ठणठणीत आहे.”

अक्का डोळ्यांना पदर लावून मुसमुसायला लागली. तिच्याकडे न बघता मी पूजेतला तांब्या उचलला आणि पेल्यात पाणी ओतून लेकीपुढे धरलं.

“घे गं. या उपासावर जगलेला एक पुरुष आपल्या घरात पुरे झाला.”