अर्धं राहिलेलं भाषण

फाशीविरुद्धचं माझं भाषण आता इतकं फर्डं झालंय की शाळा सुटली रे सुटली, की मी घरोघर जाऊन ते ठोकते. कर्णा उचलायला सोबत पेसामिनो काका असतात.

काल लोसा मावशींनी आम्हाला बसवून घेतलं, गरमागरम कोको दिला आणि माझं भाषण मध्येच तोडलं.

"जीभ बरी चालते गं तुझी! पण खुन्याला पोसायचं कशाला? २००३ साल उजाडलं तरी आपल्या सामोआत फाशीचा कायदा आहे, तो राहू दे."

"मावशी, पण..."

"पण नाही नि बिण नाही. हा तुझा काका बघ, किती गरीब माणूस. मान वर करून बोलत नाही. उद्या यालाच कुणी मारलं, तर येशील का भाषण द्यायला?"

काका कपात बघत राहिले.

"माझ्या सख्ख्या काकाला मारलंच होतं, मावशी. माझ्या जन्माआधी, कोयत्यानं. दुसऱ्या दिवशी पहाटे मारणारा डोक्यावर चटई पांघरून माफीसाठी आमच्या अंगणात येऊन बसला. दुपारी आजोबांनी स्वतः ती चटई उचलली, म्हणजे माफ केलं. पुढे तुरुंग भोगून आला तो."

"आणि आता कुठे असतो मेला?"

"इथेच. तुमचा कोको पिताहेत."

मावशींनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोल. भाषण अर्धंच राहिलंय तुझं."