खालचं दार

मुलीच्या ताब्याचं भांडण कोर्टात गेलं, तेव्हा बायको सरळ म्हणाली, "ज्या ओट्यावर झुरळं फिरतात, त्या घरात माझी पोर राहणार नाही." तेव्हापासून त्याने स्वयंपाकघराचा ध्यासच घेतला. रोज जेवण उरकलं की आधी शेगडी, मग ओटा, मग सिंक आणि शेवटी फडकी उकळत्या पाण्यात. हातांची सालटी निघाली, पण एक दिवस खाडा केला नाही.

आज कोर्टाच्या मॅडम घर बघायला येणार, म्हणून तो पहाटेपासून ओघळ, डाग, रेघोट्या, दिसेल ते घासत सुटला होता.

मॅडमनी ओट्यावरून बोट फिरवलं, डब्यांमागे डोकावून पाहिलं. "आरशासारखं ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. त्याच्या जिवात जीव आला.

"पण मुलगी इथेच लहानाची मोठी झाली ना? मग तिची एकही खूण कशी दिसत नाही?"

"आहे ना मॅडम. ओट्याखालच्या कपाटाच्या या दारावर तिने खडूने आम्हा बापलेकीला काढलंय," म्हणत तो घाईघाईने वाकला.



चकचकीत दारात त्याला एकट्याचाच चेहरा दिसला.